आधी आपला जळका

लोक म्हणतात, किस्से आठवावे लागतात. आमच्याकडे उलटं आहे बाप्पा, विसरावे लागतात! मोबाईल घडीघडी सांगते, स्टोरेज फुल झालं, काहीतरी डिलीट करा. मी डिलीट करायले बसते अन् वाचता वाचता हसतच राह्यते. एकही निघत नाही. उलट तेवढ्या वेळात दोन नवे येऊन पडतात.

माझं यवतमाळले मोटरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. तांब्याची तार, बेअरिंग, कपॅसिटर, वार्निश, सगळं मिळते. गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातले वाइंडिंगवाले. शेतातली मोटर जळली का ती उघडायची, जळकी तार उपसून काढायची, नवी भरायची अन् मोटर पुन्हा विहिरीत सोडायची, हा त्यायचा धंदा. त्या सगळ्यायचा एक व्हाट्सॲप ग्रुप आहे. नाव मोठं दणदणीत, 'मोटर वाइंडिंग तांत्रिक चर्चा'. त्यात तांत्रिक किती अन् चर्चा किती, ते तुमाले आता समजनच.

मी त्याची ॲडमिन. मले वाइंडिंग येते म्हणून नाही, येत नाही म्हणून! पहिला ॲडमिन मिस्त्री होता. लोक म्हणे, हा आपल्याच कामाची वाहवा करते. दुसरा केला, तोही मिस्त्रीच. त्याच्यासंग तर लोक बोलायचेच बंद झाले. मग कोणीतरी डोकं लावलं, "रेखाताईले करा ॲडमिन. तिच्यासंग भांडलं तं तार कोण देईन?"

झालं! तवापासून जिवाले स्वस्थता नाही. पोळी तव्यावर असते अन् ओट्यावर मोबाईल टुंग करते. हात पिठाचे, पण डोळे तिकडे. आता कोण पेटला असन? अन् जरा वेळ नाही वाजला तर अजूनच धाकधूक. हे एवढे गुमान काहून बसले? आमचे हे म्हणतात, "तू दुकान चालवते का कोर्ट?" मी म्हणते, कोर्टाले निदान सुट्टी असते!

हसण्यावारी नेऊ नका. या ग्रुपपायी यंदा एक ठरलेलं लग्न टांगणीले लागलं होतं. दारव्ह्याच्या प्रल्हादभाऊची पल्लवी अन् घाटंजीच्या नामदेवभाऊचा वैभव. दोन्ही बाप वाइंडिंगवाले, दोघंही ग्रुपमध्ये, अन् सोयरीक जुळली माझ्या दुकानाच्या काउंटरवर. मोडली असती तर लोकायनं बोटं कोणाच्या नावानं मोडली असती? माझ्याच! पण पहिले ग्रुपचा सोभाव सांगते, नाहीतर म्हणाल ताई तिखटमीठ लावून राह्यली.

*

दिग्रसचा दिलीप. पोट्टा कामाचा, पण राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या फोटोखाली कोणी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं तरी हा ग्रुप सोडते. स्क्रीनवर आलं 'दिलीप लेफ्ट' का समजायचं, आता आपला फोन वाजणार.

"ताई, म्या ग्रुप सोडला."

"दिसलं."

"सगळ्यायले दिसलं असन ना?"

"दिसलं असन बाप्पा."

"मग कोणी काही म्हणलं का?"

"नाही. पंपाच्या बुशबद्दल बोलून राह्यले."

दिलीपचा तोरा उतरला. मग बारीक आवाजात म्हणे, "थांब बी नाही म्हणलं कोणी?"

"नाही."

"मग मले ॲड करा ताई. संध्याकाळी पुन्हा सोडतो. आता लोक कामात असतीन!"

*

दुसरा गजानन. दारव्ह्याजवळच्या खेड्यातला. हा ग्रुप सोडत नाही, हा व्हॉइस मेसेज टाकते. अन् आवाज असा का मोबाईल कानाले लावायची गरज नाही, ओट्यावर ठेवला तरी शेजारणीले ऐकू जाते.

एक डाव त्याच्या एका मोटरीचा व्हिडिओ आला. मोटर घरघर करून राह्यली होती. दिलीपनं लिहिलं, "बेअरिंग जुनीच ठेवली वाटते!"

बस! गजाननचा मेसेज आला. "माझ्या बेअरिंगले नाव ठेवणारा अजून जन्माले यायचा आहे! म्या नवी बेअरिंग टाकली, डब्बा फोडून टाकली, देवाशपथ टाकली!" इथवर ठीक होतं. पण मागून कुकरची शिट्टी झाली अन् त्याच्या बायकोचा आवाज आला, "अवो, काल तं तुम्हीच म्हणे ना, जुनीच पुसून बसवली म्हणून?"

मेसेज तिथंच तुटला. गजानननं घाईघाईत तो डिलीट केला. पण केला कसा? 'डिलीट फॉर मी'! म्हणजे त्याच्या एकट्याच्या मोबाईलमधून गेला, बाकी सगळ्यायच्यात तसाच. याले वाटलं, सुटलो. थोड्या वेळानं मोठ्या साळसूदपणे त्यानं लिहिलं, "चुकून काहीतरी गेलतं. कोणी ऐकलं तं नाही ना?"

ग्रुपमध्ये सगळ्यात मोठे म्हणजे पांढरकवड्याचे शेख चाचा. आमच्यातल्या निम्म्या मिस्त्र्यायचे उस्ताद. त्यायचं उत्तर आलं, "नहीं बेटा, किसी ने नहीं सुना. बहू को सलाम बोलना."

*

दिलीप अन् गजाननचं तवापासून पक्कं वाजलं. एक 'गुड मॉर्निंग' म्हणला तर दुसरा म्हणे, "कायची गुड?" अन् मजा म्हणजे दोघायनं एकमेकाचं तोंड कधी पाह्यलं नव्हतं. एकाच्या प्रोफाइलवर बैलजोडीचा फोटो, दुसऱ्याच्या गुलाबाचं फूल. ओळखणार कसं? अन् मोबाईलवर बोंबलणारा गजानन समोरासमोर एकदम हळू बोलते.

एका बाजाराच्या दिवशी दिग्रसवरून दिलीप दारव्ह्याले आला अन् तिथून यवतमाळच्या जीपमध्ये बसला. जीप म्हणजे कशी, तुमाले माहीत आहे. जिथं तिघं मावतात तिथं पाच, अन् डायव्हर म्हणते, "सरका जरा, अजून एक आहे." तो अजून एक म्हणजे गजानन.

मांडीवर मांडी आली, गोष्टी निघाल्या. दिलीप म्हणे, "आमच्या धंद्याचा एक ग्रुप आहे भाऊ. त्यात एक आहे, नुसता बोंबलते. दिमागाचं दही करून टाकलं."

गजानन म्हणे, "नोका सांगू! आमच्याही ग्रुपात एक आहे. नाकावर माशी बसू देत नाही. बोट दाखवलं का रुसते."

"मग तुम्ही गुमान कायले ऐकता? गाठा ना त्याले!"

"गाठायलेच चाललो! आज तो यवतमाळले येणार आहे म्हणते. तुम्हीही सोडू नोका तुमच्यावाल्याले."

"छे! दोन ठेवूनच येतो."

असे एकमेकाले हिंमत देत दोघं उतरले. चहा पेले. अन् माझ्या दुकानात खांद्यावर हात टाकून आले! माझा तर आनंदानं जीव हलका झाला. म्या म्हटलं, "अरे वा! दिलीप, गजानन, मिटलं का तुमचं?"

दोघायचे हात खांद्यावरून हळूहळू खाली आले. म्या काउंटरवरचा लोखंडी पाइप गुपचूप मागे सारला, उगाच हातात नको यायले. शेवटी दिलीप रडकुंडीले येऊन म्हणे, "ताई, चहा यानंच पाजला ना! आता मारू कसा?"

*

पण सगळेच काही एका जीपमध्ये बसत नाहीत. बाकीच्यायची भांडणं चालूच. कोणी फोटो टाकला का दहा जण तुटून पडायचे. "ही काय वाइंडिंग आहे का गवताचा भारा?" "उस्ताद कोण तुझा?" एकाच्या तर बापापर्यंत गेले. नव्या पोट्ट्यायनं फोटो टाकणंच बंद केलं. मले धास्ती पडली का हा ग्रुप आता बुडते.

चाचा औषध सांगायले दुकानात आले. म्हणे, "बेटी, दुसऱ्याची जळकी मोटर पाह्यली का हर आदमी उस्ताद होते. तू एक कायदा कर. ज्याले दुसऱ्याच्या कामाले बोलायचं, त्यानं पहिले आपला जळका टाकावा. आपलं फसलेलं काम. फोटो बी अन् काय चुकलं ते बी. मग बोलावं, जेवढं बोलायचं तेवढं."

म्या कायदा ग्रुपच्या माथ्यावर चिकटवला: 'आधी आपला जळका.'

अन् ग्रुप असा शांत झाला का मले वाटलं, नेट बंद पडलं! कोणी कोणाले बोलेना. मी दर घडीले मोबाईल उचलून पाहू. टुंग झालं तर त्रास, नाही झालं तर जीव वर-खाली!

शेवटी चाचायनं स्वतःच पहिला जळका टाकला. जवानीत त्यायनं एका शेतकऱ्याच्या मोटरीचे फेज उलटे जोडलते. मोटर उलटी फिरली. पाणी पाइपात थोडं वर यायचं अन् थांबायचं. शेतकरी म्हणे, "चाचा, विहीर आटली वाटते." चाचायनं विहिरीत वाकून पाह्यलं, दाढीवरून हात फिरवला अन् म्हणे, "हां, आटली." त्या माणसानं दुसरी विहीर खोदायले कुदळी काढल्या, तवा कुठं चाचायले आपली गलती उमगली. खाली त्यायनं लिहिलं होतं, "अब बोलो, किसको उस्ताद बोलना है?"

मग ग्रुपचं जे तोंड उघडलं! जो तो आपला जळका आणून टाकू लागला. लोक हसायचे अन् शिकायचेही. बोलायचे, पण बोलण्यातला काटा मोडला होता.

*

दिलीप मात्र अडला. म्हणे, "ताई, माझ्या हातून काही फसतच नाही, मी काय टाकू?" अन् गजाननच्या एका स्टार्टरबद्दल बोलायले त्याची जीभ तर वळवळून राह्यली होती. भांडण मिटलं होतं, पण खाज गेली नव्हती.

दोन-तीन दिवस तो तळमळला अन् मग एक फोटो आला. कोळसा झालेली मोटर. खाली, "माझा जळका. ओव्हरलोड झाला. चूक माझी. आता गजाननच्या स्टार्टरबद्दल बोलतो."

तो बोलायच्या आत गजाननचाच मेसेज आला. "दिलीपभाऊ, मोटरीच्या पाठीवर पांढऱ्या पेंटनं 'गजानन' लिहून आहे, ते पुसायचं राह्यलं. ही मोटर म्या भंगारात देलती. ताई, उसना जळका चालते का?"

'दिलीप लेफ्ट.' माझा फोन वाजला.

"ताई, कोणी काही म्हणलं का?"

"हो दिलीप," म्या म्हटलं, "या टायमाले सगळेच म्हणून राह्यले."

*

आता लग्नाचं ऐका.

नामदेवभाऊ म्हणजे नियमाचा माणूस. काम चोख, बोलणं त्याच्याहून चोख. ग्रुपमध्ये दर सोमवारी त्यायचा उपदेश ठरलेला, "फ्यूजच्या जागी तार लावू नका. जीव जाते." त्यायचा एक जुना स्क्रू पाना दुकानाच्या दारात खिळ्याले टांगलेला असते. सख्ख्या पोराले, वैभवलेही त्याले हात लावू देत नाहीत.

प्रल्हादभाऊ उलटे. बोलणं थोडं, हात मोठा सुबक. वाइंडिंग झाली का तारेच्या गुंडाळ्या दोरीनं बांधतात. बाकीचे सगळे पांढरी दोरी वापरतात, प्रल्हादभाऊ हिरवी. माझ्याकडून खास मागवून नेतात. ती हिरवी बांधणी दिसली का जिल्ह्यात कोणीही सांगन, हे दारव्ह्याचं काम.

पत्रिका छापून झाल्या होत्या. अशात एक शेतकरी घाटंजीले जळकी मोटर घेऊन आला. नामदेवभाऊनं उघडली. आत तारेखाली जो कागद घालतात, तो आखूड कापलेला होता. तार लोखंडाले घासली अन् मोटर गेली. नामदेवभाऊचं टाळकं सणकलं. पण माणूस नियमाचा! पहिले आपला जळका टाकला, "केबलचा जॉइंट कच्चा राह्यला, पाणी शिरलं, चूक माझी." अन् मग त्या मोटरीचा फोटो टाकून लिहिलं:

"हे काम माणसानं केलं का माकडानं? चिमूटभर कागद वाचवला अन् अख्खी मोटर जाळली. असा मिस्त्री भेटला तर त्याच्या हातातला पाना काढून घेईन."

मी पोळ्या लाटून राह्यली होती. फोटो मोठा करून पाह्यला अन् लाटणं हातातून पडलं. सगळं काळं झालं होतं, पण एका कोपऱ्यात बोटभर दोरी शाबूत होती. हिरवी.

ग्रुपमध्ये सगळ्यायनं पाह्यलं. कोणी काही लिहिना. चाचाही गप. रागाच्या भरात कोपरा पाह्यला नव्हता तो फक्त लिहिणाऱ्यानं!

मग स्क्रीनवर आलं, 'प्रल्हाद लेफ्ट'.

लगेच नामदेवभाऊचा फोन. "ताई, हे प्रल्हादभाऊ काहून गेले?"

"फोटोचा डावा कोपरा पाहा भाऊ."

त्यायनं फोटो उघडून पाह्यला. मग नुसतं, "अरे बाप रे."

*

म्या त्यायले म्हटलं, "आता एक फोन करा दारव्ह्याले. चुकलं म्हणा. विषय संपवा."

"कायचं चुकलं?" नामदेवभाऊ लगेच ताठ झाले. "कागद आखूड होता का नव्हता? मी मोटरीले बोललो, माणसाले नाही."

"अवो, माकड मोटर असते का?"

"ते बोलण्याच्या ओघात गेलं. पण काम चुकीचं ते चुकीचंच. माझ्या भावाचं असतं तरी बोललो असतो."

इकडे प्रल्हादभाऊले फोन लावला. ते एवढंच म्हणे, "ताई, नामदेवभाऊले विचारा, माकडाची पोट्टी सून म्हणून चालते का."

आता सांगा, हे मी कोणत्या तोंडानं विचारू? नाही विचारलं. पण चैन पडेना. दुकानात गिऱ्हाईक बेअरिंग मागे अन् मी कपॅसिटर काढून देऊ. मोबाईल वाजला का वाटे, कार्यालय रद्द केल्याचा तर निरोप नाही? वैभवचा फोन, "ताई, बाबा जेवून नाही राह्यले." प्रल्हादभाऊच्या घरून फोन, "ताई, हे बोलून नाही राह्यले." एक खात नाही, एक बोलत नाही, अन् मले ना घास जाते ना झोप येते! मले दोघायचाही राग आला होता, खरं सांगते. एवढे पांढऱ्या केसाचे बाप, अन् लेकराच्या लग्नाहून कागदाचा तुकडा मोठा झाला होता.

अन् एक दिवस पल्लवी स्वतः दुकानात आली. हिरव्या दोरीचा बंडल मागितला. मग म्हणे, "ताई, मले ग्रुपमध्ये ॲड करा."

"तुले? कायले?"

"तो कागद म्या कापला होता."

मी पाह्यतच राह्यली. पल्लवी बापाच्या दुकानात बसते हे मले माहीत होतं. पण मोटरी भरते, हे नव्हतं माहीत. प्रल्हादभाऊनं कोणालेच सांगतलं नव्हतं. सासरच्यायलेही नाही.

"बाबा म्हणतात, तुझं नाव घ्यायचं नाही, माकड मीच," ती म्हणे. "त्यायनं मुकाट्यानं अंगावर घेतलं. पण जळका माझा आहे ना ताई? मग बाबा कायले जळून राह्यले?"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. माझेही भरले. म्या गुमान तिचा नंबर टाकला.

तिनं तिथंच काउंटरवर उभं राहून लिहिलं, "मी पल्लवी, दारव्हा. घाटंजीले उघडली ती मोटर म्या भरली होती. घाईत कागद आखूड कापला. चूक माझी. बाबाची नाही. हा माझा जळका."

मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी, आता थांब.

थांबते कायची! दुसरा मेसेज. "नियमाप्रमाणे आता बोलते." अन् फोटो. साखरपुड्याच्या दिवशी घाटंजीच्या दुकानात काढलेला. एका बाजूले वैभव, एका बाजूले ती, मधात छाती काढून नामदेवभाऊ. मागे भिंतीवर लाइटीचा मेन बोर्ड. बोर्डावर पल्लवीनं लाल गोल काढला होता. फ्यूजच्या जागी जाडीभरडी तार अडकवलेली! खाली लिहिलं होतं:

"मामाजी, हे काम माणसानं केलं का..."

पुढे नुसते तीन टिंब.

"अव माय!" म्या कपाळावर हात मारला. "झालं! गेलं लग्न!"

नामदेवभाऊ टाइप करून राह्यले, असं दिसलं. मग बंद. मग पुन्हा टाइप. पुन्हा बंद. मी अन् पल्लवी एका मोबाईलवर डोकं टेकून उभ्या. गिऱ्हाईक म्हणे, "ताई, माझी तार?" म्या म्हटलं, "थांब रे, इथं तारेवरच जीव टांगला आहे!"

शेवटी नामदेवभाऊचा फोटो आला. तोच बोर्ड, नवाकोरा फ्यूज. खाली एक शब्द.

"बदलला."

*

तुमाले वाटलं असन, मिटलं. मलेही वाटलं. म्या प्रल्हादभाऊले हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणे, "पोट्टीचं नाव निघू नये म्हणून म्या ग्रुप सोडला, अन् तिनंच जाऊन आपला जळका टाकला!" त्या आवाजात राग होता का कौतुक, मले नाही सांगता येत. म्या म्हटलं, "मग येता का ग्रुपात परत?"

"माकड म्हणलं ते कोणाले? मलेच ना? ते तर तसंच आहे."

म्हणजे लग्न होणार, पण व्याही बोलणार नाहीत. लग्नाच्या दिवशी तेच! मांडवात एक पूर्वेले तोंड करून, दुसरा पश्चिमेले. निरोप सगळे माझ्यामार्फत. "ताई, त्यायले म्हणा, वरातीले उशीर होऊन राह्यला." "ताई, त्यायले म्हणा, आमच्याकडून उशीर नाही." पंधरा हातांवर उभे दोघं, अन् मी मधात पैठणी सावरत पळून राह्यली! अक्षता पडल्या तवाही त्यायनं एकमेकाकडे पाह्यलं नाही. व्याहीभेटीले गळ्यात गळे घातले, ते पण मान वळवून. मले रडू येऊन राह्यलं होतं. आता हे असंच जन्मभर चालणार, अन् ती पोट्टी दोन घराच्या मधात पिसली जाणार.

सारा ग्रुप मांडवात होता. चाचा नवी शेरवानी घालून. दिलीप अन् गजानन एकाच ताटात जिलेबी खाऊन राह्यले होते. पण डोळे सगळ्यायचे दोन्ही बापांवर.

आहेर चालू झाला. साड्या झाल्या, भांडे झाले. मग नामदेवभाऊ उठले. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी जड. सरळ सुनेपुढे जाऊन उभे राह्यले अन् तिच्या ओंजळीत ठेवलं.

पल्लवीनं पेपर सोडला. आत स्क्रू पाना. तोच, दारातल्या खिळ्याचा.

वैभव पाह्यतच राह्यला. प्रल्हादभाऊचं तोंड अजून पश्चिमेलेच होतं, पण मान जराशी वळली, ते म्या पाह्यलं.

पल्लवीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पाना उलटापालटा केला. मेंदीच्या बोटानं त्याची चकती फिरवून पाह्यली, उघडून, बंद करून. जिलेबी वाढणाराही थांबला.

"मामाजी," ती म्हणे, "याचा जबडा ढिला आहे."

दिलीप माझ्या कानात कुजबुजला, "ताई, आता हे मांडवातून लेफ्ट होतात!"

नामदेवभाऊनं सुनेकडे पाह्यलं. पान्याकडे पाह्यलं. मग वळले अन् मांडव ओलांडून सरळ प्रल्हादभाऊच्या पुढ्यात जाऊन उभे राह्यले.

"व्याहीबुवा," ते म्हणे, "ही पोट्टी कोणाची आहे?"

प्रल्हादभाऊनं फेटा सारखा केला अन् पहिल्यांदाच व्याह्याच्या डोळ्यात पाह्यलं.

"माकडाची," ते म्हणे.